नसते उद्योग

मागच्या महिन्यात आमच्या ब्रँचमधल्या एका मॅडमचा सेंड-ऑफ होता आणि तरुण मंडळींनी हट्टाने लोअर परळच्या एका हॉटेलात टेबल बुक केलं. जुन्या मिलचं कंपाउंड, आत विटांच्या भिंती मुद्दाम प्लास्टर न करता ठेवलेल्या, वर लोखंडी कैच्या, आणि प्रत्येक टेबलावर छतातून सोडलेला एक दिवा. दिवा म्हणजे काय, तर बारा-पंधरा लाकडी बॉबिनी, गिरणीत सूत गुंडाळतात त्या, गोल बांधलेल्या आणि मधे पिवळा बल्ब. सगळे म्हणाले, किती युनिक ना! फोटो काढून झाले. मी मान वर करून नुसती बघत बसले, सूप आलं, गार झालं, उत्सवमूर्ती मॅडम म्हणाल्या अगं खा की.

शेवटी वेटरला विचारलंच, ह्या कुठून आणल्या? तो म्हणाला, "मॅडम, ऑनलाइन मिळतात. अँटिक फिनिश." मग मी खुर्चीवरून उठून एक बॉबिन हातात धरून बघितली (साहेबांना वाटलं हिला काय झालं), आणि खरंच, कोरी करकरीत होती. वरून काळपट पॉलिश मारलेलं, मुद्दाम दोन ओरखडे पाडलेले. वापरलेल्या बॉबिनीच्या आतलं भोक चातीवर, म्हणजे मशीनच्या फिरत्या दांड्यावर, फिरून फिरून गुळगुळीत झालेलं असतं, बुडाला पत्र्याची कडी असते ती घासून चमकते, आणि लाकडात तेल इतकं मुरलेलं असतं की हाताला वास राहतो. हिला कसलाच वास नव्हता.

हे मला माहीत आहे कारण आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील, गिरणीत त्रासन खात्यात होते. त्रासन म्हणजे सूत कातायचं खातं, इंग्रजी कुठल्याशा शब्दाचं आमच्या कोकणी माणसांनी करून टाकलेलं मराठी. चिंचपोकळीच्या चाळीत आम्ही राहायचो, दहा बाय बाराची खोली, बाहेर कॉमन गॅलरी, आणि फुटक्या, चिरलेल्या, कामातून गेलेल्या बॉबिनी घराघरात असायच्या. बंब पेटवायला उत्तम. क्रिकेटला स्टंप म्हणून उत्तम. आईने एक स्वयंपाकाच्या खिडकीला टेकण म्हणून लावलेली होती कारण त्या खिडकीचा कोयंडा मोडलेला आणि वाऱ्याने झडप धाडकन आपटायची.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. मी तेव्हा तिसरीत. अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार घरी बसले हे आकडे नंतर वाचले, तेव्हा कळलं होतं ते एवढंच की भोंगा वाजत नाही आणि आप्पा दिवसभर घरात असतात. गॅलरीत बसायचे. कुणाचा रेडिओ खोलून दे, कुणाच्या स्टोव्हची पिन काढून दे. आजी म्हणायची, ह्याचे नसते उद्योग.

ऑगस्टमध्ये गणपती आले. चाळीचा गणपती होता, छोटाच, पण दरवर्षी थर्माकोलचं मखर यायचं. त्या वर्षी वर्गणी मागायची कुणाकडे? सगळेच संपात. मूर्ती कशीबशी ठरली, मखराचं काय हा प्रश्न. तर आप्पांनी सांगितलं, प्रत्येक घरातून बॉबिनी गोळा करा.

पोरांचं काम ते, आम्ही पोतं घेऊन चारी माळे फिरलो. तीनशेच्या वर निघाल्या. आप्पांनी त्या आधी घासलेटने पुसल्या, मग लांबीनुसार लावल्या, मग सुतळीने आणि सरसाने जोडत गेले. डब्यात सरस उकळत असायचा, त्याचा असा वास यायचा की आजी नाकाला पदर लावून बसायची. निमुळती टोकं वर, बूड खाली, अशा एकावर एक रांगा. आठवड्याभरात खालून रुंद आणि वर निमुळता होत गेलेला देवळाचा कळस उभा राहिला, बाजूने कमान, आणि प्रत्येक दोन बॉबिनींमधे बोटभर फट ठेवलेली. ती फट का ठेवली ते कुणालाच कळेना. पहिल्या रात्री आप्पांनी मागून लाल बल्बची माळ लावली तेव्हा कळलं. भिंतीवर, छतावर, बघणाऱ्यांच्या अंगावर सगळीकडे उभ्या रेघा पडल्या, मागावर ताणलेल्या सुतासारख्या. पहिल्या आरतीला कुणी टाळ्याच वाजवेना मिनिटभर. मग वाजवल्या.

फोटो नाहीये. कॅमेरा कुणाकडे होता? एका ग्रुप फोटोत मागे डाव्या कोपऱ्यात कमानीचा तुकडा दिसतो, बस.

विसर्जनानंतर मखर सोडलं आणि बॉबिनी ज्याच्या त्याच्या घरी परत. दिवाळीत पहिल्या आंघोळीला त्या बंबात गेल्या. म्हणजे ज्याला आज इन्स्टॉलेशन म्हणतील त्या वस्तूने चाळीने अभ्यंगस्नान केलं, असं म्हणायला हरकत नाही.

एवढं सगळं का सांगतेय, तर गेली पंचवीसेक वर्षं माझं ऑफिस फोर्टात आहे आणि लंच टाइममध्ये डबा पंधरा मिनिटांत आटपून काळा घोड्याला जाऊन यायची मला सवय आहे. सुरुवात खरं सांगायचं तर एसीसाठी झाली. जहांगीर आर्ट गॅलरीत तिकीट नाही, एसी आहे, मे महिन्यात अजून काय पाहिजे. १९५२ पासून ती गॅलरी तिथे आहे आणि तिच्या पायऱ्यांवर माझ्यासारखे कितीतरी फुकटे बसून गेले असतील. आधी मला निसर्गचित्रं आवडायची, घाट, पाऊस, छत्र्या. मग हळूहळू बाकीच्या छोट्या गॅलऱ्यांमधे शिरायला लागले, कुलाब्यापर्यंत, जिथे बेल वाजवावी लागते आणि आतली मुलगी आपल्याकडे बघून ठरवते की ह्या काही घेणार नाहीत. तिथे पहिल्यांदा बघितलं की आता लोक कशाकशाचं करतात. सोडा-बाटलीच्या बिल्ल्यांचं, वायरींचं, केसांचं, साबणाचं.

साबण शिल्पा गुप्तांचा. इथलीच मुंबईची कलाकार. २००८-०९ चं काम, विटांसारखे साबण, प्रत्येकावर इंग्रजीत धमकी असा शब्द कोरलेला, आणि त्या साबणांची रचलेली भिंत. बघायला येणाऱ्याने एक उचलून घरी न्यायचा. भिंत खाली येत जाते आणि तो शब्द तुमच्या बाथरूममधे झिजत जातो. मला ही कल्पना फार म्हणजे फार आवडली, आणि दुसरा विचार असा आला की आमची आई तिथे असती तर तिने पाच नेले असते.

पण माझ्या जिव्हारी लागलं ते दुसरंच. २०१३ साली भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात गेले होते, राणीबागेच्या शेजारचं ते, लहानपणी आम्ही फक्त वाघ बघून परत यायचो, हे बघायचोच नाही. तर इमारतीच्या दर्शनी भागावर अख्खं एक प्रचंड कोळ्याचं जाळं लटकवलेलं. लांबून वाटलं दोरखंडाचं आहे. जवळ जाऊन बघते तर रबर स्टॅम्प! शेकडो रबरी शिक्के एकमेकांना जोडून केलेलं जाळं, रीना सैनी कलाट यांचं, आणि प्रत्येक शिक्क्यावर मुंबईच्या एकेका रस्त्याचं इंग्रज आमदानीतलं नाव, जे पुढे बदललं गेलं.

आता शिक्का ह्या विषयात मी स्वतःला अधिकारी व्यक्ती समजते. बँकेत लागले तेव्हा काउंटरवर दिवसाला पाचशे शिक्के मारले आहेत. पॅडची ती जांभळी शाई उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि पहिल्या बोटाला लागायची ती रविवारीसुद्धा पूर्ण जायची नाही, भाकरी थापताना आई म्हणायची हात दाखव आधी. तारखेचा शिक्का रोज सकाळी फिरवायचा, एक आकडा फिरवायला विसरलात की दिवसभराची व्हाउचरं कालच्या तारखेची, आणि संध्याकाळी रडायची वेळ. शिक्का मारला की गोष्ट झाली, नाही मारला तर झालीच नाही, माणूस समोर उभा राहून ओरडत असला तरी. हे मला रोज हाताने माहीत होतं. आणि ह्या बाईंनी नेमकं तेच उचललं होतं, की नाव मुळात शिक्क्याने ठरतं आणि शिक्क्यानेच पुसतं, आणि तरी जाळं झाडलं तरी कोपऱ्यात राहतंच. लॅमिंग्टन रोडचं डॉ. भडकमकर मार्ग होऊन किती वर्षं झाली, अजून टॅक्सीवाल्याला काय सांगता तुम्ही?

त्या दिवशी तिथे हिरवळीवर बसून राहिले अर्धा तास. मला पहिल्यांदा वाटलं की हे कुणीतरी माझ्या टेबलावरून उचलून नेलंय. चोरी झाल्यासारखं नाही, उलट. कसं सांगू. आपल्या गावच्या माणसाचं नाव पेपरात वाचल्यावर वाटतं तसं.

तेव्हापासून एक गोष्ट मला पटत नाही. ह्या कामांबद्दल लिहिताना नेहमी लिहितात "अनोख्या माध्यमातून", "हटके मटेरियल". अहो हटके कुणासाठी? रबर स्टॅम्प अनोखा कसा? साबण अनोखा? शहरातल्या सगळ्यात जास्त हाताळलेल्या वस्तू ह्या. ऑइल पेंटची ट्यूब आमच्या चाळीत कुणी बघितली असती तर ती अनोखी. गॅलरीच्या पांढऱ्या भिंतीजवळ उभं राहिलं की बाहेरचं सगळं अनोखं दिसतं, एवढंच.

शटरचंच बघा. अतुल दोडिया घाटकोपरचे, २००० च्या सुमारास त्यांनी दुकानाच्या लोखंडी शटरवर चित्रं काढायला सुरुवात केली. खरं शटर, गुंडाळून वर जाणारं, त्यावर चित्र, आणि शटर वर सरकवलं की आत दुसरं चित्र. एकावर बाहेर महालक्ष्मी आहे, कॅलेंडरवर असते तशी, कमळात उभी, हातातून नाणी. शटर वर गेलं की आत गळफास घेतलेल्या तीन बहिणी, हुंड्यापायी मेलेल्या. मी हे पुस्तकातल्या फोटोंमधे बघितलंय, समोरासमोर नाही, पण मला ते फोटोतसुद्धा ऐकू येतं. शटरचा आवाज ऐकूनच मोठी झालेली माणसं आम्ही. डिसेंबर ९२ आणि जानेवारी ९३ च्या दंगलींत मी कॉलेजला होते, आणि रस्त्यावर काय चाललंय हे कळायच्या आधी शटरं कळायची. लांब कुठेतरी एक खडखडाट, मग शेजारचं, मग त्याच्या शेजारचं, असा तो आवाज रस्त्याने धावत यायचा आपल्या दिशेने आणि आपल्याला ओलांडून पुढे जायचा, आणि मग एकदम शांत. दूधवाला अर्धं शटर खाली घेऊन वाकून पिशव्या द्यायचा, त्याचा फक्त हात दिसायचा. त्या शहरात राहून कुणीतरी शटरवर चित्र काढणारच होतं. मला आश्चर्य वाटतं ते इतकी वर्षं कुणी काढलं नव्हतं ह्याचं.

सगळंच मला आवडतं असं नाही हं. दर हिवाळ्यात काळा घोडा फेस्टिव्हलला गर्दीत चेंगरत जाते, आणि दरवर्षी तिथे प्लास्टिकच्या बाटल्यांचा मासा असतो. नाहीतर जुन्या सीडींचा मोर. खाली पाटी, पर्यावरण वाचवा. आता बाटलीला मासा केलं की तिचं बाटलीपण जातं आणि मासाही धड होत नाही, आणि वर आपल्याला उपदेश. सेल्फी मात्र त्याच्यासमोरच सगळ्यात जास्त. आणि ते केळं! २०१९ मधे इटलीच्या मॉरिझिओ कॅटेलानने भिंतीला टेपने चिकटवलेलं केळं, २०२४ मधे लिलावात ६२ लाख डॉलरला गेलं, तेव्हा आमच्या कँटीनमधे आठवडाभर तोच विषय, प्रत्येक जण डब्यातलं केळं वर करून विचारायचा, मॅडम तुम्हाला आर्टमधलं कळतं ना, ह्याचे किती येतील? मी म्हटलं आधी हप्ता भरा होम लोनचा. मला त्या केळ्याचा राग नाही, पण प्रेमही नाही. ते केळं कुठूनही आणता येतं, सडलं की दुसरं लावतात. आप्पांच्या बॉबिनी कुठूनही आणता आल्या नसत्या.

ह्याच्या उलट चंद्रपूरचे प्रभाकर पाचपुते. सास्ती गावचे, घरातल्या तीन पिढ्या कोळशाच्या खाणीत. तर हा माणूस कोळशाने चित्रं काढतो, थेट भिंतीवर, खाणीतली माणसं, कुणाच्या मानेवर डोक्याच्या जागी दिवा, कुणाच्या जागी अवजार. २०१२ मधे कुलाब्याला, रिगल टॉकीजच्या जवळ क्लार्क हाउस म्हणून जागा होती तिथे त्यांचं प्रदर्शन झालं. भिंतीवरची चित्रं ही, प्रदर्शन संपलं की चुना फासायचा, संपलं. मला त्यात चूक काही वाटत नाही, आमच्या मखराचं काय वेगळं झालं? कोळसा म्हटल्यावर बाकीच्यांना ड्रॉइंगची कांडी आठवत असेल, मला शेगडी आठवते आणि राख चाळणारी आजी. त्यांना काय आठवत असेल ते भिंतीवर दिसतं.

आणि जितीश कलाटांच्या पोळ्या. हे काम मी कितीदा फोनवर उघडून बघितलंय त्याला गणती नाही. त्यांच्या वडिलांनी हयातीत पाहिलेले सगळे चंद्र, २२,८८९, आणि प्रत्येक चंद्र म्हणजे पोळीचा फोटो, खात खात कलेकलेने कमी होणारी आणि पुन्हा भरणारी पोळी. बँकवाली असल्याने माझा हात आपोआप कॅल्क्युलेटरकडे गेला. भागिले ३६५.२५. बासष्ट वर्षं आठ महिने. मग तिथेच, लोकलमधे, मुलुंड यायच्या आत मी आप्पांचे काढले. अठ्ठावन्न पूर्ण झाले आणि गेले ते, म्हणजे २१,१८४ च्या पुढेमागे. आमच्याकडे पोळी सणाची, रोजची तांदळाची भाकरी, तिला कडेने भेगा पडतात, म्हणजे आप्पांचा चंद्र जरा तडकलेला निघाला असता. आणि त्यातले संपाचे दीड-दोन वर्षांचे चंद्र नक्की कमी मापाचे. पाठीवर सॅक लावलेल्या एका मुलीने विचारलं, काकू, बरं वाटत नाहीये का, बसता का?

संप मागे घेतला असं कुणी कधी जाहीर केलंच नाही, तो नुसता विरत गेला. आप्पांना मिलने परत घेतलं नाही. पुढे वॉचमनची नोकरी, मग एका छापखान्यात बाइंडिंग. ८३ च्या गणपतीला त्यांनी मखर केलं नाही. विचारलं तर म्हणाले, आता बॉबिनी कुठायत? थर्माकोल परत आला, तो पुढे पार २०१८ ला सरकारने बंदी घालेपर्यंत राहिला.

तर आता लेक. ती आर्ट कॉलेजला आहे, दुसऱ्या वर्षाला. त्या हॉटेलच्या दिव्याची गोष्ट मी घरी येऊन तावातावाने सांगितली, मखराचीही सांगितली, आणि ती अर्धवट फोनमधे बघत ऐकत होती असं मला वाटलं. पुढच्या रविवारी कळलं की ती तिच्या आजीकडे, म्हणजे माझ्या आईकडे, चिंचपोकळीला जाऊन खिडकीची ती बॉबिन घेऊन आलीय. एकच उरलेली. सबमिशनला. फाउंड ऑब्जेक्ट असा काहीतरी विषय होता, स्वतःच्या घरातली वस्तू घ्यायची आणि दोनशे शब्दांची कन्सेप्ट नोट लिहायची.

मला आधी राग आला, मग बॉबिन हातात घेतली आणि गप्प बसले. चाळीस वर्षं खिडकीत उन्हापावसात, अर्धी बाजू पांढुरकी पडलेली आणि अर्धी, झडपेखाली दबलेली, अजून काळी तेलकट. बुडाची पत्र्याची कडी गंजून पातळ झालेली. मधोमध झडपेने आपटून आपटून पाडलेली खाच, नेमकी अंगठा बसेल एवढी.

"कन्सेप्ट नोटमधे काय लिहू?" लेक विचारते. तिने अर्धी लिहिलीच होती, त्यात मेमरी होती, लेबर होतं, आर्काइव्ह होतं, आणखी एक शब्द होता जो मला वाचताच आला नाही. मी म्हटलं लिही, लाकूड, पत्रा, तेल. ती म्हणे आई सीरियसली. मी म्हटलं सीरियसलीच सांगतेय. मग म्हटलं थांब, आजीला विचारू, ती होती ना तिथे.

फोन स्पीकरवर टाकला. आईला आता कमी ऐकू येतं, सगळं दोनदा विचारावं लागतं. म्हटलं, आई, आप्पांनी ते मखर बॉबिनींचंच का केलं गं? म्हणजे त्यांच्या मनात काय होतं, मिल, संप, असं काही?

"काय?"

"मखर! बॉबिनीचं का केलं?"

"मग कशाचं करणार होते? दुसरं होतं काय घरात?" आणि मग, आम्ही दोघी काही बोलायच्या आत, "ती पोरगी माझी टेकण घेऊन गेलीये. परवापासून खिडकीला लाटणं लावलंय मी. चपात्या कशाने लाटू? तिला म्हणावं शाळेत दाखवून झालं की मुकाट्याने परत आणून दे."

लेकीने सबमिशन बुधवारी केलं. मार्क अजून आलेले नाहीत. बॉबिन कॉलेजच्या डिस्प्लेला ठेवून घेतलीय, एक महिना तरी मिळणार नाही म्हणतात. मी काल हार्डवेअरच्या दुकानातून कोयंडा आणला, शनिवारी जाऊन लावून येणार आहे, पण आईला अजून सांगितलेलं नाही.